शेऱ्याचा रकाना

चार सुया काचेवर टेकल्या आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडून खोकला आला. ताईचा हात हलला. मीटरवरचा आकडा बारावरून एकोणीसवर उडाला आणि परत खाली आला. तिने सुया उचलल्या आणि खोकला थांबायची वाट पाहत बसली. मोजायची खोड हाडीमाशी खिळलेली, त्यामुळे ती तोही मोजत होती. पाच, सहा, सात. मग शिट्टीसारखा एक लांब श्वास, आणि पुन्हा पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज. खर्र, खर्र.

गेल्या महिन्यात चारवर थांबायचा.

भिंतीपलीकडे खरवडत होता तो तिचा धाकटा भाऊ. बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो पाटी-दप्तरातला होता, त्याला हिनेच वाढवलं आणि अकरा वर्षांपूर्वी साहेबांच्या हातापाया पडून या कारखान्यात चिकटवलं. तो तिला ताई म्हणायचा म्हणून हळूहळू सगळा कारखानाच तिला ताई म्हणू लागला, साहेबसुद्धा. आणि तो झाला ‘ताईंचा धाकटा’.

कारखान्यात काचेवर एक थर चढवत. डोळ्यांना न दिसणारा, पण विजेला वाट देणारा. बोट लावलं की हुकूम ऐकणारे जे पडदे असतात, ते या थरामुळे ऐकतात. ताईचं काम मोजायचं. थरातून उजेड किती जातो आणि वीज किती सहज धावते, एवढे दोनच आकडे. पण या दोघींचं नातं सवती-सवतींचं. थर जाड केला तर वीज खूश, उजेड नाराज. पातळ केला तर उलट. दोघींना एका घरात नांदवायचं हे कारखान्याचं कसब, आणि त्या खरंच नांदतात का हे सांगायचं काम बावीस वर्षं ताईकडे होतं. तक्त्याच्या शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना असे. बावीस वर्षांत तिने तिथे ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ याखेरीज तिसरा शब्द लिहिला नव्हता.

मुळात ती भित्री. घरातून निघाली की गॅस बंद केला ना म्हणून दोनदा मागे फिरायची. नवरा लवकर गेल्यावर एकटीच्या घरात राहायची, आणि कोणी दार वाजवलं की आधी श्वास रोखून उभी राहायची. धाकटा हसायचा. “ताई, चोर आला तर तोच घाबरेल गं, तुझ्या चेहऱ्याकडे बघून.”

दार उघडून साहेब आत आले. हातात पुठ्ठ्याची पेटी.

“ताई, हे नवीन. चांदीच्या तारांचं. केसाहून हजार पट बारीक तारा आहेत म्हणे. पाण्यात कालवून नुसतं फवारायचं आणि वाळवायचं. चेंबर नको, पंप नको, काही नको.”

ताईने एक काच उचलून उजेडासमोर धरली. किंचित धुकट, पण स्वच्छ.

“दहा दिवस हे आणि आपलं जुनं, शेजारी शेजारी ठेवा. दमट कपाटात घाला, मोजा, तक्ता करा. दवाखान्यातल्या यंत्रांसाठी मागणी आहे, थेंब थेंब औषध सोडतात ना, ती. गिऱ्हाईक घाईत आहे.” साहेब जाता जाता थांबले. “पास झालं तर ते चेंबरच मोडीत काढू. कटकट जाईल.”

भिंतीपलीकडे खर्र, खर्र चाललं होतं. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. ताईने पाहिलं. चेंबर मोडीत निघालं तर खरवडायचं काय?

चेंबर म्हणजे खोलीएवढी पोलादी पेटी. तिच्यातली सगळी हवा ओढून काढत आणि इंडियम नि कथील यांच्या वडीतून कण उडवत. ते काचेवर बसत. पण सगळे काचेवर कुठले बसायला? निम्म्याहून जास्त भिंतींना चिकटत, थरावर थर चढत, आणि मग ते खरवडून काढावे लागत. आठवड्यातून दोनदा धाकटा आत जाई, तोंडाला कागदी मास्क, हातात खरवडायची पत्री. पिठासारखी पूड पडे. धातू मोलाचा, म्हणून ती सांडायची नाही, भिजवायची तर मुळीच नाही. कोरडीच भरून परत पाठवायची. बाहेर येई तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा करड्या असत.

धाकट्याच्या आधी हे काम मिस्त्री करायचे. चार वर्षांपूर्वी ते वारले.

*

छातीच्या डॉक्टरकडे धाकटा यायलाच तयार नव्हता. भावजयीने अबोला धरला तेव्हा आला. डॉक्टर तरुण बाई होती, बोलायला मऊ, पण छातीचा फोटो उजेडाच्या फळीवर लावल्यावर तिचं बोलणं थांबलं. ताई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मीटरचा आकडा पाहावा तसं.

“काम काय करता?”

“काचेच्या कारखान्यात आहे.”

“काच घासता?”

“छे, साफसफाई. मशीनची.”

“धूळ असते?”

“असते की. पण मास्क असतो.”

“कसली धूळ?”

धाकटा ताईकडे वळला. “काय म्हणतात गं त्याला? तुला माहीत असेल.”

ताईला माहीत होतं. मिस्त्री गेले त्या आठवड्यात तिने वड्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला होता. एरवी तो कोणी वाचत नसे; खोकं फोडलं की कागद कचऱ्यात. त्यावर लिहिलं होतं की ही पूड श्वासावाटे वारंवार आत गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. तिने तो तीनदा वाचला होता. साहेबांना विचारलंही होतं, दारातूनच, अर्धं अंग बाहेर ठेवून. “अहो, मास्क देतो ना आपण,” साहेब म्हणाले होते. ताईला तेवढंच ऐकायचं होतं. त्याच महिन्यात मिस्त्रींची जागा धाकट्याला मिळाली, कायम म्हणून. भावजयीने दोन्ही हातांनी ताईचे हात धरले होते. कागद घडी होऊन ताईच्या खणात गेला.

आता तो शब्द तिच्या घशाशी आला होता. म्हटला की डॉक्टर लिहिणार. लिहिला की खरा होणार. मग प्रश्न येणार, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

“साधीच,” ताई म्हणाली. “मशीनची धूळ.”

डॉक्टरने काहीतरी लिहिलं. ताईने उलट्या बाजूने वाचलं. ‘काच कामगार’. भावजयीने सुटकेचा श्वास सोडला. जिना उतरताना धाकटा म्हणाला, “बघ, उगाच घाबरवता तुम्ही दोघी.” ताईला त्याच्याकडे बघवेना.

*

रविवारी ती मिस्त्रींच्या घरी गेली. त्यांची बायको शिवणकाम करायची. चार वर्षांत ताई एकदाही तिकडे फिरकली नव्हती, पण बाईने तसं काही दाखवलं नाही. यंत्रावरचं कापड बाजूला सारून तिने चहा टाकला.

“खोकला तर होताच,” ती म्हणाली. “खोकल्याचं कोणाला काय वाटतं? मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून.”

“कशावरून?”

“यांना चहा कढत लागायचा. कप तोंडाशी धरून फुंकर मारत प्यायचे, सारखी फूफू. मी चिडायचे. एकदा लक्षात आलं, आवाजच नाही. बघते तर कप समोर आणि हे नुसते बसलेत, निवायची वाट बघत. साय धरली तरी बसलेत.” तिने कपाचा कान पुसला. “फुंकायला वारा उरला नव्हता हो आत. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, आता कोमटच आवडतो.”

ताईने स्वतःचा चहा कसाबसा संपवला.

“लोक म्हणाले, बिडी. माझ्या माणसाने उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही.”

निघताना बाईने विचारलं, “आता कोण करतं ते काम?”

ताई चप्पल घालत होती. “आहे एक,” ती म्हणाली, आणि जवळजवळ पळालीच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने आपली जागा बदलली आणि धाकट्याला दिसणार नाही अशी मागच्या बाकावर बसली. धाकट्याचा कप त्याच्या समोर होता. वाफ निघत होती. तो पंपवाल्याच्या कुठल्यातरी विनोदावर हसत होता, हसता हसता छातीशी हात नेत होता. वाफ कमी झाली, मग थांबली. चहावर सुरकुती धरली. तेव्हा त्याने कप उचलला आणि एका दमात रिता केला.

ताईच्या डब्यातली पोळी तशीच राहिली.

*

नव्या काचा दमट कपाटात ठेवून पाच दिवस झाले होते. कपाट म्हणजे एक प्रकारची वाफेची भट्टी. आत दिवसरात्र कढत ओल. वर्षभरात काचेला जे भोगावं लागेल ते तिथे दहा दिवसांत भोगायला लावायचं. ताई रोज सकाळी दोन्ही जातींच्या काचा बाहेर काढी, पुसे, सुया टेकवी. उजेड जुनीतून किंचित जास्त जाई. विजेच्या अडथळ्याचा जुनीचा आकडा बारा. दुसऱ्या दिवशी बारा, तिसऱ्या दिवशी बारा. नवीची सुरुवात चोवीसने झाली होती. जुनीच्या दुप्पट अडथळा, पण चालण्यासारखा. तिसऱ्या दिवशी सव्वीस. पाचव्या दिवशी एकतीस.

“चढू नको गं,” ताई काचेला म्हणाली. “टिक जराशी.”

देवाला नवस बोलावा तशी ती काचेशी बोलत होती. नवी पास झाली की चेंबर बंद. चेंबर बंद झालं की पूड नाही, पूड नाही की कोणाला काही सांगायला नको. कागद खणातच राहील. काही न बोलता सगळं निस्तरेल.

सातव्या दिवशी अठ्ठेचाळीस. तिने सुया पुसून पुन्हा मोजलं, काच फिरवून मोजलं, दुसऱ्या मीटरवर मोजलं. अठ्ठेचाळीसच. ओलीने चांदीच्या तारा खायला सुरुवात केली होती. दहाव्या दिवशी आकडा एकशे बारावर होता, आणि कोपऱ्यात तर मीटरने हातच टेकले. तिथे वीज जातच नव्हती.

तिने कागदावर एकशे बारा लिहिलं नाही. पेन धरून बसली. एकतीस लिहिलं तर? कोण येतंय मोजायला? साहेबांना तेच हवंय. तिच्या आकड्यावर बावीस वर्षांत कोणी शंका घेतली नव्हती. पण मग तिच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातलं ते यंत्र आलं. कुणाच्या तरी उशाशी उभं, थेंब थेंब औषध सोडणारं. नर्स बोट दाबतेय, पुन्हा दाबतेय, आणि पडदा ऐकत नाही. त्या खाटेवर झोपलेल्या माणसालाही कोणीतरी ताई असेल.

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

दार वाजलं तशी ती दचकली. धाकटा होता. गळ्यात मास्क लोंबत होता.

“ताई, एक विचारू? नवं पास होणार का?”

“का रे?”

त्याने दार लोटून घेतलं. “नापास कर ना.”

ताईने पेन खाली ठेवलं.

“हसू नकोस. पास झालं तर चेंबर मोडणार, सगळे म्हणतात. स्प्रेचं मशीन दोन पोरी चालवतील. मग माझं काय? या वयात कोण घेणार मला? मला खरवडण्याशिवाय येतं काय?” तो खोकला. ताईने मोजलं नाही, पण आकडा कानावर पडलाच. नऊ. “तुझ्या एका आकड्यावर आहे गं सगळं. मला झोप नाही चार दिवस.”

म्हणजे हाही भीत होता. तिच्या भीतीच्या नेमका उलट्या टोकाला उभा राहून. ताईने खण उघडला. घडी घातलेला कागद काढला. उलगडून त्याच्यापुढे धरला.

“हे काय?”

“वाच.”

“बारीक आहे. तूच सांग.”

तिने सांगितलं. पूड काय आहे ते, ती कुठे जाऊन बसते ते, मिस्त्रींचं काय झालं ते. चहाचंही सांगितलं. धाकटा ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू लहानपणीसारखा झाला, आई दवाखान्यातून परत येणार नाही हे सांगितलं होतं तेव्हासारखा.

“तुला कधी कळलं हे?”

ताईने कागदाची पुन्हा घडी घातली.

“ताई, कधी?”

“मिस्त्री गेले तेव्हा.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मास्क वर ओढला, नाकावरची पट्टी नीट दाबली.

“अर्धी भिंत राहिलीय,” तो म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडे खर्र, खर्र सुरू झालं.

*

तक्ता तिने त्याच दुपारी पुरा केला. जुनं: बारा, बारा, बारा, बारा, तेरा. नवं: चोवीस, सव्वीस, एकतीस, अठ्ठेचाळीस, एकशे बारा. मग शेऱ्याच्या रकान्याशी आली. रकाना बोटभर रुंद. तिने बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली, जागा संपली तेव्हा समासात गेली, समास संपला तेव्हा पान उलटलं.

‘जुने कोटिंग दोन्ही मोजमापांत सरस. नवे दमट उष्णतेत टिकत नाही, औषधाच्या यंत्रांना वापरू नये. परंतु जुन्यासाठी चेंबर कोरडे खरवडावे लागते. ती पूड खरवडणाऱ्याच्या छातीत जाते. हे काम करणारा एक माणूस वारला आहे. दुसरा आजारी आहे. पूड ओली करून काढावी व तशी सोय होईपर्यंत चेंबरमध्ये कोणालाही पाठवू नये.’

खाली सही केली. सही तिला स्वतःचीच ओळखू येईना, इतकी वाकडी आली.

साहेबांनी आकडे वाचले, तोंड वाकडं केलं. मग पान उलटलं आणि वाचता वाचता उठून दार लावलं.

“ताई, हे गिऱ्हाइकाकडे जायचंय.”

“माहीत आहे.”

“मग हे काय लिहिलंय?”

“शेरा.”

“खोडा.”

ताईने खुर्चीची पाठ धरली.

“मिस्त्री बिडी ओढायचे,” साहेब म्हणाले.

“नव्हते ओढत, साहेब. तुम्हालाही ठाऊक आहे.”

साहेबांची नजर बंद दाराकडे गेली. ताईला पहिल्यांदाच दिसलं की तेही घाबरलेत. वरती आणखी कोणीतरी साहेब असणार, त्यांच्या दारात हेही अर्धं अंग बाहेर ठेवून उभे राहत असणार.

“तुमची सहा वर्षं राहिलीत,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “धाकट्याची तर अजून किती. कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेता?”

“सही मी केलीय,” ताई म्हणाली. “माझ्याच्याने खोडवणार नाही. तुम्हाला खोडायचं तर तुम्ही खोडा, आणि तिथे तुमची सही करा.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

“ठेवून जा,” ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या ऐवजी ती दवाखान्यात गेली. नंबर नव्हता. दारापाशी उभी राहिली, आणि एक पेशंट बाहेर पडला तशी आत घुसली. डॉक्टर काही बोलायच्या आत टेबलावर कागद ठेवला.

डॉक्टरने वाचला. उठून कपाटातून धाकट्याचा फोटो काढला, फळीवर लावला, बराच वेळ पाहिला.

“हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

ताई टेबलावरच्या कागदाच्या घड्या तळहाताने सरळ करत राहिली.

डॉक्टर रागावली नाही, तेच जास्त लागलं. “मी रक्त तपासून घेते. चिठ्ठी लिहून देते, आणखीही एका ठिकाणी लिहावी लागेल मला. पण आता तो कुठे आहे?”

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काल राहिलेलं पुरं करायला तो लवकरच जाणार होता.

“त्याला आधी तिथून बाहेर काढा,” डॉक्टर म्हणाली. “आज. उद्या नाही.”

ताई बसथांब्यावर थांबली नाही. चालली, मग पळाली, पन्नाशीच्या बाईने रस्त्यात असं पळू नये असं आयुष्यभर वाटत आलेली ती पळाली. कारखान्याच्या फाटकावर रखवालदार काहीतरी म्हणाला. ती मोजमापाच्या खोलीवरून पुढे गेली आणि बावीस वर्षांत ज्या दारातून कधी आत पाऊल टाकलं नव्हतं ते दार उघडलं.

चेंबरचं झाकण उघडं होतं. आत दिव्याचा पिवळा उजेड, आणि त्या उजेडात पूड हवेत तरंगत होती. संथ, सुंदर, जणू काही घाईच नाही. धाकटा पाठमोरा उभा होता.

“बाहेर ये.”

त्याने वळून पाहिलं. “ताई, मास्क नाही तुझ्या तोंडाला. हो बाजूला.”

“तू बाहेर ये.”

“थोडंच राहिलंय.”

ताई चेंबरच्या उंबऱ्यावर बसली. साडीच्या कडेला करडी पूड लागली. “तू येईपर्यंत मी इथेच बसते. तुझ्या आत जेवढी जाईल तेवढी माझ्याही जाऊ दे.”

“वेडी झालीस का?” त्याचा आवाज फुटला. “ऊठ तिथून! ऊठ म्हणतो ना!”

ती उठली नाही. भीती होतीच, सगळ्या अंगभर होती, पायांच्या नखांपर्यंत. ती तशीच भीत भीत बसून राहिली. धाकट्याने पत्री खाली टाकली. तो झपझप आला, तिच्या दंडाला धरून तिला ओढतच बाहेर घेऊन गेला, आणि व्हरांड्यात आल्यावर भिंतीला टेकून खोकत राहिला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला.

*

पुढचं सगळं संथपणे झालं. डॉक्टरची चिठ्ठी कामगारांच्या कार्यालयात पोचली, तिथून दोन माणसं आली, चेंबरला कुलूप लागलं. अकरा जणांचं रक्त तपासलं, आणखी दोघांच्या रक्तात इंडियम निघालं. एक तर पंपवाला, जो आयुष्यात कधी चेंबरमध्ये गेला नव्हता. तीन महिन्यांनी चेंबर पुन्हा सुरू झालं तेव्हा पूड ओली करून काढू लागले, आणि काढणाऱ्याच्या डोक्यावर बाहेरची हवा पुरवणारा टोप आला. मिस्त्रींच्या बायकोलाही कोणीतरी जाऊन भेटलं म्हणे.

गिऱ्हाइकाला गेलेल्या तक्त्याची प्रत ताईला पुढे कधीतरी दिसली. आकडे तिचे होते. शेऱ्यात पहिली दोन वाक्यं होती, बाकीची नव्हती. खाली सही साहेबांची होती.

तिला मोजमापाच्या खोलीतून काढून बांधाबांधीला बसवलं. काचा कागदात गुंडाळायच्या, पेटीत उभ्या लावायच्या. मीटरवर नवी मुलगी आली. पहिले काही दिवस ती अडलं की विचारायला येई. मग यायची थांबली.

धाकट्याला भांडारात बैठं काम दिलं. डॉक्टर म्हणाली, आत जे वण पडलेत ते जाणार नाहीत. वाढले नाहीत तर मिळवलं. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर, एवढं म्हणून ती थांबली होती. तो ताईशी बोलत नव्हता. भावजय बोलायची, पोरं ‘आत्या, आत्या’ करत यायची. तो मात्र ती आली की दुसऱ्या खोलीत जाऊन बसे. ताईने त्याला दोष दिला नाही. चार वर्षं तिने तोंड उघडलं नव्हतं. त्याने चार महिने मिटलं तर काय बिघडलं?

दर महिन्याला दवाखान्यात जाऊन नळीत फुंकून त्याचा श्वास मोजायचा असे. एका महिन्यात भावजय तापाने पडली, म्हणून ताई त्याच्यासोबत गेली. येताना दोघं बसमध्ये पुढे-मागे बसले. त्याचं घर चौथ्या मजल्यावर. जिना अरुंद, उभा. धाकटा पुढे, ताई मागे. पहिला मजला त्याने नेटाने चढला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर त्याचा हात कठड्यावर आला. वरून कोणीतरी उतरत असल्याचा आवाज येत होता. त्याने पाठ ताठ केली आणि आणखी दोन पायऱ्या चढल्या.

“थांब रे जरा,” ताई म्हणाली. “मला दम लागलाय.”

ती पायरीवरच बसली.

शेजारीण पिशवी घेऊन खाली आली. “काय ताई, दमलात?”

“हो ना, वय झालं आता. हा जिना काही मला झेपत नाही.”

“भाऊ आहे सोबत म्हणून बरं,” म्हणत शेजारीण अंग चोरून खाली गेली.

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे वर-खाली होत होते. ताई तिकडे न पाहता चपलेचा पट्टा सैल करत राहिली, मग घट्ट करत राहिली. बऱ्याच वेळाने तो हळूच तिच्या शेजारी बसला.

“चल,” ती म्हणाली, “झालं माझं.”

“बस अजून थोडी,” तो म्हणाला. “घाई नाही.”